सात किलो जास्त

पार्सल खिडकीवरची पाटी: आत काय आहे ते तुम्ही सांगा. किती आहे ते आम्ही सांगू.

*

टूथब्रश, दांडी कापलेला. वाचलेलं वजन सहा ग्रॅम.

*

डॉक्टरांनी कानात बत्ती मारून पाहिलं, छातीला नळी लावून पाहिलं, कागदावर सही ठोकली आणि म्हणाले, "ही शेवटची. पुढच्या वर्षी भेटायला खुशाल या, सहीला येऊ नका."

*

बोटवाल्याचा निरोप: सिलिंडर माझं, शिसं माझं. बाकी ज्याचं त्याने आणावं. मंगळवारी सकाळी सहाला निघणार. सहा म्हणजे सहा.

*

"पाण्याखाली जाऊन करतेस काय गं एवढं?"

"काही नाही."

"काही न करायला घरात जागा नाही का?"

*

बेटावर जाणारं विमान: सोमवारी आणि गुरुवारी. बारा खुर्च्या, एक पंखा.

*

हे सगळं एकाच बाईचं. वय वर्षं एकोणसाठ. ऑफिसात तिला काटाबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं आणि मनातून ते नाव तिला आवडायचंही. एकतीस वर्षं पार्सल खिडकीच्या मागे बसून तिने गावभरची पार्सलं जोखली होती. पार्सल हातात घेतलं की ती वजन सांगून मोकळी व्हायची. काटा बिचारा मागाहून नुसती मान डोलवायचा. लोक गयावया करत, पन्नास ग्रॅमसाठी काय अडवता, म्हणत. त्यावर तिचं एकच उत्तर असे. काटा माझ्या घरचा नाही. या एका वाक्यावर तिने एकतीस वर्षांत हजारो माणसं खिडकीवरून परत पाठवली होती आणि एकही पार्सल कधी हरवू दिलं नव्हतं.

अशा बाईने बावन्नाव्या वर्षी पाण्याखाली जायला शिकावं, हे घरच्यांना म्हातारपणचं खूळ वाटलं. निम्म्या वयाच्या शिक्षकाने तलावात चार महिने बुचकळून काढल्यावर ती समुद्रात उतरली आणि तिथे तिला कळलं की पाण्याखाली कोणी बोलत नाही. शिवाय तिथे कोणी कोणाच्या हातात काही देत नाही. जाताच आहात तर एवढं नेता का, असं म्हणणारा मासा अजून जन्माला यायचा होता. त्यानंतर वर्षातून एकदा, सहा दिवस, ती नियमाने बुडून यायची. आणि आता डॉक्टरांच्या सहीने ते सहाच दिवस उरले होते.

१५.८

पलंगावर सामान मांडलं की घरातलं कोणी बुडालंय आणि फक्त कपडे हाती लागलेत, असा देखावा दिसायचा. हवा भरायचं जॅकेट, तीन किलो दोनशे. रबरी सूट, दोन किलो तीनशे. घालायला वीस मिनिटं आणि काढायला दोन माणसं लागत. पायात घालायची फिन्स, दोन किलो. मास्क, मनगटावरचा खोली मोजणारा कॉम्प्युटर आणि दोन टॉर्च मिळून एक किलो दोनशे. दरवर्षी शेजारीपाजारी विचारायचे, सिलिंडर विमानात कसं चालतं हो. दरवर्षी ती सांगायची, सिलिंडर तिकडेच मिळतं. पुढच्या वर्षी तेच शेजारी, तोच प्रश्न.

आणि शेवटी रेग्युलेटर. सिलिंडरमधली हवा माणसाच्या तोंडापर्यंत आणणारं यंत्र: चार काळ्या नळ्या, दोन तोंडं, एक काटा. तीन किलो शंभर ग्रॅम. तीन वर्षांपूर्वी अठरा मीटर खोलीवर भाड्याच्या रेग्युलेटरमधून तिच्या तोंडात हवेऐवजी समुद्र आला होता. सोबत उतरलेल्या पाणबुड्याच्या जादा नळीवर श्वास घेत ती कशीबशी वर आली. वर नवरा बोटीवर बादली मिठीत घेऊन बसला होता, कारण धक्क्याला बांधलेल्या बोटीवरसुद्धा त्याला उलटी होते. त्याही अवस्थेत त्याने तिचा हात धरला आणि शपथ घातली, माझ्या गळ्याची आण आहे, पुन्हा दुसऱ्याच्या नळीने श्वास घ्यायचा नाही. तिने परत आल्या आल्या स्वतःचा रेग्युलेटर घेतला. वर्षातून एकदा तो उघडून तपासून घ्यायची. एरवी कोणाला हात लावू देत नसे, ज्याच्या गळ्याची आण होती त्यालाही नाही.

विमान कंपनीचा नियम होता: विमानाच्या पोटात पंधरा किलो, हातात पाच. एक ग्रॅमही जास्त चालणार नाही, असं खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, जणू काही एका ग्रॅमने विमान खाली येणार होतं. ते वाचून लोक चिडतात. काटाबाईला ते वाक्य फार आवडलं. जगात आपल्यासारखी माणसं अजून शिल्लक आहेत, असं वाटून तिला बरं वाटलं.

मग ती कामाला लागली. ब्रशची दांडी कापली. शाम्पू औषधाच्या रिकाम्या बाटलीत गेला. कपड्यांच्या आतल्या चिठ्ठ्या कात्रीने काढल्या, अठरा चिठ्ठ्यांचे नऊ ग्रॅम. कादंबरी वाचून झाली होती तिथपर्यंत फाडून उरलेली तेवढी घेतली. लेखकाच्या जिव्हारी लागलं असतं, पण एकशे तीस ग्रॅम वाचले. दोन्ही पिशव्या धरून एकूण भरलं पंधरा किलो आठशे. म्हणजे चार किलो दोनशे ग्रॅम मोकळे. एवढी रिकामी जागा तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. ती तशीच रिकामी न्यायची, असं तिने ठरवलं.

वरच्या मजल्यावर नणंद राहायची. वयाने मोठी, मानाने त्याहून मोठी. ती जिना उतरून आली, दारात उभी राहिली आणि सहज विचारावं तसं विचारलं, वहिनी, जागा किती उरलीय गं.

इथे कुठलीही शहाणी बाई म्हणाली असती, जागा कुठली ताई, झिप लागत नाहीये. काटाबाई इतर बाबतीत सुखाने खोटं बोलायची. नवऱ्याच्या बढतीबद्दल बोलायची, स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलायची, नणंदेच्या नव्या पडद्यांबद्दल तर रोज बोलायची. पण किलोचा विषय निघाला की जीभ आपोआप सरळ व्हायची. ती म्हणाली, चार दोनशे.

रात्रभर वर कपाटं उघडली-मिटली. सकाळी पार्सल खाली आलं, जाड कापडात शिवलेलं, नणंदेच्या मुलाच्या नावाचं. हा मुलगा सहा वर्षांपासून त्याच बेटावर बर्फाच्या कारखान्यात मिस्त्री होता. आत काय आहे म्हणून विचारलं तर कपडे आणि किरकोळ, असं उत्तर मिळालं. काटाबाईने उचलून पाहिलं. चार किलो दोनशे, ना इकडे ना तिकडे. नणंदेचा हातही काही कमी नव्हता.

२०.०

पहिल्या विमानतळावर तिने जो आनंद भोगला, तो अनेकांना मुलांच्या लग्नातही मिळत नाही. सूटकेस काट्यावर ठेवली: पंधरा, पुढे शून्य. हातातली पिशवी ठेवली: पाच, पुढे शून्य. काउंटरवरच्या मुलीने भुवया उंचावल्या. शेजारच्या रांगेत एक अख्खं कुटुंब जमिनीवर पसरून बॅगांमधले बूट एकमेकांच्या गळ्यात अडकवत होतं. काटाबाईने त्यांच्याकडे कीर्तनकार पापी माणसांकडे पाहतो तसं पाहिलं.

तपासणीत रेग्युलेटर अडला. पडद्यावर पिशवीत काहीतरी आठ पायांचं वेटोळं घालून बसलेलं दिसत होतं. शिपायाने ते बाहेर काढलं, दोन बोटांनी धरलं आणि विचारलं हे काय. पाण्यात श्वास घ्यायचं यंत्र, ती म्हणाली. विमानात कशाला, त्याने विचारलं. सामानात टाकलं तर आपटतं, ती म्हणाली, आणि आपटलेलं यंत्र कुठे दगा देईल हे अठरा मीटर खाली गेल्यावरच कळतं. शिपायाने ते तान्हं मूल परत द्यावं तसं परत दिलं.

५६ + २०

दुसरं विमान बेटाचं. विमानतळ म्हणजे पत्र्याची एक खोली, एक बाक, पाण्याचा एक पिंप आणि मधोमध जमिनीत बसवलेला काटा. त्याची तबकडी घड्याळाएवढी, सुई लाल. काट्याशेजारी एक वजनवाला उभा होता, कानाला पेन्सिल लावून. काटाबाईला एकदम माहेरी आल्यासारखं झालं.

तो म्हणाला, सामान घेऊन वर उभ्या राहा.

मी, तिने विचारलं.

तुम्हीच, तो म्हणाला. विमान लहान आहे, त्याला माणूस आणि सूटकेस यांतला फरक कळत नाही.

ती चढली. सूटकेस पायाशी, पिशवी खांद्याला. सुई गेली, थरथरली, त्र्याऐंशीवर थांबली. वजनवाल्याने कागद पाहिला. मग सुई पाहिली. मग तिच्याकडे न पाहता कागद तिच्यापुढे धरला. तिकिटासोबत भरलेला तो अर्ज होता:

प्रवासी: स्त्री, एक
शरीराचं वजन, कपड्यांसह: ५६
सामान: २०
एकूण: ७६
अर्ज भरणाऱ्याची सही:

आणि खाली नवऱ्याची सही, शेपटीसकट. नवरा विमा कंपनीत कारकून होता. घरातला प्रत्येक अर्ज तोच भरायचा, अभिमानाने, काळ्या शाईत.

काटाबाई खाली उतरली. आधी तिने रिकाम्या काट्याची सुई पाहिली, शून्यावर आहे का. होती. मग खाली वाकून चारही कोपरे दाबून पाहिले, कुठे झोल आहे का. नव्हता. मग एकटीच चढली. त्रेसष्ट. काटा अगदी बिनचूक होता आणि सगळी पंचाईत तीच होती.

सात किलो कमी करा, वजनवाला म्हणाला.

तिने सांगून पाहिलं. सामान वीसच आहे, मोजून पाहा. सामान वीसच आहे, तो म्हणाला, जास्त आहात त्या तुम्ही. तुम्ही लिहिलं तेवढं धरून मी उरलेल्यात दवाखान्याची खोकी चढवलीत. ती उतरवू का तुम्हाला, सांगा. तिने वरच्या साहेबाला भेटायचंय म्हटलं. वरचा साहेब तोच होता. तिकिटं फाडणारा आणि विमानाला झेंडी दाखवणाराही तोच.

तिच्या मागच्या गृहस्थांनी अर्जात एकशे चार लिहिले होते आणि काट्यावर ते एकशे चारच भरले. इतका तृप्त जाडा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. त्यांनी तिला समजुतीच्या सुरात सांगितलं की खरं लिहावं, बाई, त्यात लाज कसली.

एकतीस वर्षांत न केलेली गोष्ट मग तिने केली. ती काट्याच्या चुकीच्या बाजूला उभी राहून गयावया करू लागली. बोट उद्या सहाला सुटते. पुढचं विमान गुरुवारी. डॉक्टरांनी यापुढे सही देणार नाही म्हणून सांगितलंय, हे शेवटचं जाणं आहे. एवढं एकदा चालवून घ्या.

वजनवाल्याने कानावरची पेन्सिल काढून दुसऱ्या कानावर ठेवली. तिला त्याची दया आली, कारण ही वेळ तिने हजारदा भोगली होती.

"बाई, काटा माझ्या घरचा नाही," तो म्हणाला.

७.०

बाकावर हिशेब मांडला. सूटकेस दोन किलो चारशे. फिन्स, सूट आणि जॅकेट जाळीच्या पिशवीत भरता येतील, म्हणजे सूटकेस गेली. कपडे, अर्धा ब्रश, अर्धी कादंबरी मिळून एक किलो सहाशे. अंगावर आहे ते सहा दिवस पुरवायचं; माशांना कुठे कळतंय. तेही गेलं. झाले चार किलो. उरले तीन.

जॅकेट सोडलं तर तरंगणार कशावर. सूट सोडला तर थंडीने दहा मिनिटांत वर. फिन्स सोडली तर प्रवाह नेईल तिकडे. बोटवाल्याकडे यांतलं काहीच नव्हतं. त्याच्याकडे सिलिंडर होतं, शिसं होतं आणि, तो एकदा सहज म्हणाला होता, एक जुना रेग्युलेटर पडलेला होता, चालतो बहुतेक.

म्हणजे दोनच गोष्टी राहिल्या. तीन किलो शंभरचा रेग्युलेटर, नाहीतर चार किलो दोनशेचं पार्सल.

शहाण्या माणसाला यात विचार करण्यासारखं काही नाही. पण शहाण्या माणसाला अशी नणंद नसते आणि त्याने एकतीस वर्षं पार्सल हरवू न दिल्याचा तोरा मिरवलेला नसतो. तिने घरी फोन लावला. नवऱ्याने उचलला. तिने आधी छप्पन्नाचा समाचार घेतला. लग्नातला फोटो पाहून लिहिलंत का, तिने विचारलं, आणि आयुष्यभर लोकांच्या विम्याचे अर्ज असेच भरलेत का. नवरा म्हणाला, अगं, मी काय म्हणतो, आणि तेवढ्यात त्याच्या हातातून फोन गेला.

नणंदेने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ती शांत असली की घरात सगळे भांडी आवरायला लागत.

"वहिनी, सरळ आहे. ती नळी ठेव तिथे आणि पार्सल ने."

"ताई, त्या नळीतून श्वास घेतात."

"बोटीवर दुसरी आहे ना? त्यातून घे. सहाच दिवस घ्यायचाय. माझा मुलगा सहा वर्षं एकटा राहतोय तिथे."

"मला शपथ घातलीय यांनी. दुसऱ्याच्या नळीने नाही म्हणून."

पलीकडे फोन बाजूला झाल्याचा आवाज आला. मग कुजबुज. मग नवरा आला, घसा साफ करत, अर्जावर सही करायच्या आधी करतो तसा.

"अगं, ती शपथ... ती सोडली असं समज."

बाहेर विमानात दवाखान्याची उरलेली खोकी चढत होती. बोटीवर बादली मिठीत धरून, पांढऱ्या पडलेल्या तोंडाने घातलेली शपथ आता एका जिन्याच्या अंतरावरून परत घेतली गेली होती, तीही बहिणीच्या देखत, भाजी मंडईतून परत करावी तशी. तिने फोन ठेवला. मग ती शिवलेलं पार्सल उचलून वजनवाल्यासमोर घेऊन गेली.

हे इथे राहील, ती म्हणाली. पावती द्या.

सांभाळायला ठेवायचं तर उघडून दाखवावं लागेल, तो म्हणाला. नियम आहे.

दुसऱ्याचं पार्सल तिने आजवर कधी उघडलं नव्हतं. शिवण नणंदेची होती, दुहेरी. पेन्सिल कापायच्या पात्याने वजनवाल्याने ती उसवली. आत दोन टॉवेल, मुलगा कॉलेजात घालायचा त्या दोन पँटी, आणि टॉवेलांच्या मधोमध, बाळंतिणीशेजारी बाळ ठेवावं तसं, व्यायामाचं एक लोखंडी डंबेल. त्यावर चिठ्ठी: रोज सकाळी करत जा. दुसरं पुढच्या खेपेला पाठवते.

वजनवाला बराच वेळ डंबेलाकडे पाहत राहिला. त्याने ते उचललं, हातात जोखलं.

"अडीच," तो म्हणाला.

"दोन आठशे," काटाबाई म्हणाली.

त्याने काट्यावर ठेवलं. दोन आठशे. त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं, आणि पावती मात्र नियमाप्रमाणेच लिहिली: टॉवेल दोन, पँट दोन, लोखंड एक. मालक येऊन नेईल. पावतीवर तिने सही केली, खिडकीच्या या बाजूने, आयुष्यात पहिल्यांदा. सूटकेसची वेगळी पावती. मग जाळीची पिशवी आणि रेग्युलेटरची पिशवी घेऊन ती पुन्हा चढली. सुई चौऱ्याहत्तर आठशेवर थांबली.

एक दोनशे उरलेत, वजनवाला म्हणाला. काही घ्यायचं असेल तर घ्या.

पँटी आणि टॉवेल मिळून एक चारशे होते, हे तिला ठाऊक होतं. तिने अर्धी कादंबरी घेतली.

शिसं

मंगळवारी सहाला बोट सुटली. बोटवाल्याने जुना रेग्युलेटर दाखवला. तोंडातला रबरी तुकडा कोणीतरी चावून अर्धा केला होता. तिने त्याला नमस्कार करावा तशी मान हलवली आणि स्वतःचा लावला. रबरी सूट, हवेचं जॅकेट, सगळं चढवून ती काठावर बसली आणि पाण्यात पडली. बुडेना. सूट उचलून धरत होता. बोटवाल्याने वरून पाहिलं, जीभ टाळ्याला लावून आवाज काढला आणि तिच्या कमरेला शिशाचे तुकडे अडकवले, एक, दोन, करत सहा किलो.

फार हलक्या आहात, तो म्हणाला.

हे वाक्य लिहून त्यावर सहीशिक्का मागावा, असं तिच्या मनात आलं. पण तोंडात नळी होती. मग पाणी डोक्यावरून गेलं. आठ मीटर, चौदा, बावीस. हवा आत येताना शिट्टीसारखी वाजायची, बाहेर जाताना बुडबुड्यांसारखी. बाकी कोणी काही बोलत नव्हतं. ती तळापासून हातभर वर, आडवी, न हलता राहिली, ना वर जात ना खाली, सुई शून्यावर असावी तशी. एक चपटा मासा जवळ आला, तिला पाहिलं आणि काहीही न देता निघून गेला. अशी ती सहा दिवसांत अकरा वेळा उतरली. भाच्याला एकदा बर्फाच्या कारखान्यात भेटून आली, पावती दिली. नणंद त्यानंतर दीड वर्ष तिच्याशी बोलली नाही, आणि तो काळ घरात बराच सुखाचा गेला.

विमानाचा अर्ज भरायला बसला तेव्हा नवऱ्याने बाहेरून हाक मारून वजन विचारलं होतं, आणि स्वयंपाकघरातून छप्पन्न असं तिनेच सांगितलं होतं.